पंचरूममधला ग्रीक निरोप

मला ग्रीक येत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. आमच्या चिरंजीवांनी सोसायटीभर करून ठेवलंय की आई पूर्वी ग्रीक टाइप करायची. त्यामुळे गेल्या वर्षी स्नेहसंमेलनात 'काकू, ग्रीकमध्ये दोन शब्द बोला' असा आग्रह झाला आणि मी पदर सावरत खाली बसले. या अंकाच्या संपादकांनीही तेच धरलंय, तेव्हा एकदाचं लिहूनच टाकते. ग्रीक माझ्या हाताखालच्या मुलींच्या बोटांतून गेलं, डोक्यात कुणाच्याच काही शिरलं नाही. पण त्या ग्रीकनं माझ्या जिवाला जो घोर लावला, तो कारखान्यातल्या सगळ्या नोकरीत दुसऱ्या कशानंही लावला नाही.

घोर लावून घेणं हा माझा स्वभावच आहे म्हणा. काळेवाडीच्या घराला कुलूप लावलं की नाही हे बघायला मी बसस्टॉपवरून परत येत असे. आमचे मिस्टर म्हणायचे, "तू मेल्यावरसुद्धा तिरडीवरून उठून कुलूप ओढून बघशील." अशा बाईला कंपनीनं पंचरूमची सुपरवायझर केलं. यात कंपनीचं भलं झालं आणि माझ्या झोपेचं खोबरं.

पंचरूम म्हणजे काय, ते आजच्या पोरांना सांगावं लागतं. सत्तर सालानंतरची गोष्ट. कॉम्प्युटर चार गोदरेजच्या कपाटांएवढा होता आणि पिंपरीच्या उन्हाळ्यात थंडगार खोलीत बसायचा मान आमच्या आधी त्याला मिळाला होता. तो कागद वाचत नसे. त्याला लांबट, जाड कार्डं लागायची, आणि त्या कार्डांवर अक्षरांच्या जागी बारीक चौकोनी भोकं. कार्डाच्या वरच्या कडेला मशीन तीच अक्षरं बारीक छापायचं, म्हणजे माणसालाही कळावं. ती भोकं पाडणाऱ्या आम्ही. एका मुलीनं समोर कागद ठेवून कार्ड पंच करायचं. मग दुसरीनं तोच कागद घेऊन व्हेरिफायर नावाच्या मशीनवर तेच कार्ड पुन्हा पहिल्या अक्षरापासून बडवायचं. दोघींचं जुळलं तर कार्ड पुढं. नाही जुळलं तर लाल दिवा आणि कीबोर्ड जाम. म्हणजे तपासणारीनं वाचायचं नाही, सगळं पुन्हा करायचं. वाचणारा माणूस चूक पोटात घालतो, बोटं घालत नाहीत. म्हणून मला पंचरूममध्ये अर्थ समजून काम करणारी मुलगी नको असायची. अर्थ समजला की ती पुढचं अक्षर मनानंच टाकते.

खोलीत दोन टेबलं होती. एकावर हजेरी, पगार, ओव्हरटाइम. दुसऱ्यावर स्टोअर, म्हणजे कुठला माल आला, कुठला गेला. दोन्हीकडचे कायदे वेगळे, आणि त्यामागं एक गंमत आहे. एकदा टाइम ऑफिसच्या क्लार्कनं एकाच फिटरची ओळ दोनदा लिहिली. पंच करणारीनं दोनदा पंच केली, व्हेरिफायरवरच्या मुलीनं दोन्ही पास केल्या. तिचं काय चुकलं? कागदात तसंच होतं. महिनाअखेरीला मशीननं छापलं की या फिटरनं एका दिवसात चोवीस तासांहून जास्त काम केलं! युनियनवाल्यांनी तो कागद गेटवर डकवला आणि खाली लिहिलं, 'मॅनेजमेंटला अजून किती हवंय?' आमच्या विभागाच्या जोगळेकर साहेबांना वरून जी बोलणी बसली, ती त्यांनी व्याजासकट माझ्याकडे पोचवली. त्या दिवसापासून पगाराच्या टेबलावर नियम झाला: एकासारखं एक कार्ड दिसलं की दुसरं काढायचं आणि टोपलीत टाकायचं. विचारत बसायचं नाही.

स्टोअरच्या टेबलावर हा नियम चालणारच नव्हता. एकाच साइजचे बोल्ट एकाच गाडीतून दोन खेपांना उतरतात, दोन्ही कार्डं खरी. तिथं डबल कार्ड काढलं तर माल चोरीला गेल्याची बोंब. आपापल्या टेबलाचा कायदा मुलींच्या हाडीमासी इतका भिनला होता की कुणी त्याबद्दल बोलतसुद्धा नसे. मीही नाही.

अशा खोलीत एक दिवस साहेब एका पाद्रीबाबांना घेऊन आले. फादर परेरा मूळचे वसईकडचे, आणि पुण्याला धर्मगुरू घडवणाऱ्या एका संस्थेत ग्रीक शिकवायचे. जर्मनीला ट्रेनिंगला जायच्या आधी साहेब त्यांच्याकडे जर्मन शिकले होते, ही ओळख. पांढरा झगा, खांद्याला शबनम, आणि हातात हे एवढं भिंग. मला वाटलं देवाधर्माचं काहीतरी छापून हवं असेल.

"सुमनबाई," साहेब म्हणाले, "फादरांचं काम आपण गुरुवारी करायचं. फुरसतीचं."

आमच्या पट्ट्यात आठवड्याची सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. मशीनची देखभाल म्हणून आमच्यातल्या काहीजणी आळीपाळीनं गुरुवारी यायच्या. फुरसतीचं काम हा शब्द ऐकूनच मी सावध झाले. असं काम कधी फुरसतीत संपत नाही.

फादरांनी मला काम समजावलं ते फार छान. म्हणाले, "अडीच हजार वर्षांपूर्वीचं एक काव्य आहे. कवीचं नाव कुणाला ठाऊक नाही. त्यानं रचलेलं मूळ काही उरलं नाही, उरल्या नकला. नकलांच्या नकला. त्यातल्या दोनच आज अखंड आहेत, दोन वेगवेगळ्या देशांत. नक्कल करणारा माणूसच असतो, बाई. त्याला डुलकी लागते. ओळ गाळतो, शब्द बदलतो. मग आमच्यासारख्यांनी दोन्ही नकला शेजारी ठेवायच्या, अक्षर न् अक्षर ताडायचं आणि मूळ काय असेल ते ठरवायचं. त्याला संपादन म्हणतात. मी वीस वर्षं करतोय. आता डोळे दगा देतायत."

त्यांना काचबिंदू होता. नकलांचे फोटो तिळाएवढ्या अक्षरांचे, आणि दुसऱ्या नकलेचे तर फार उशिरा मिळालेले; त्यांना ते दिसेनासे झाले होते. ग्रीक अक्षरांच्या जागी इंग्रजी अक्षरं मांडून विद्यार्थ्यांनी दोन्ही नकला चौकोनी रकान्यांच्या कागदांवर पेन्सिलीनं उतरवून दिल्या होत्या. ते विद्यार्थी आता कुठल्या कुठल्या गावी पाद्री होऊन गेले होते, आणि फिकट पेन्सिल फादरांना भिंगातूनही वाचता येत नव्हती. मशीननं छापलेली ठळक अक्षरं मात्र दिसत. आम्ही दोन्ही नकला पंच करायच्या, मशीननं ताडून फरक तेवढे छापायचे, आणि ओळींना नंबर शेवटी मशीननंच टाकायचे, असं ठरलं.

"मुलींना एक अक्षर कळणार नाही, फादर," मी म्हटलं.

"तेच तर हवंय मला," ते म्हणाले. हा माणूस आपल्यातला आहे हे मला तिथंच कळलं.

पहिली नक्कल स्टोअरच्या टेबलानं घेतली, दुसरी पगाराच्या टेबलानं. मीच वाटून दिली, समसमान. सुरुवातीला मुलींची हसून पुरेवाट. स्टोअरची लता म्हणायची, "ताई, हे ग्रीक नाही, कुणीतरी कीबोर्डवर मांजर सोडलंय." पगाराच्या टेबलावर व्हेरिफायरला रत्ना होती. माणची जुन्या घराण्यातली मुलगी, पिंपळे गुरवला मामाकडे राहून नोकरी करायची. अजून टेंपररी होती. तिच्या बोटांना जोड नव्हती. ती हसायची नाही, चुकायची नाही, आणि डब्यातली अर्धी भाकरी न सांगता माझ्या पुढ्यात ठेवायची.

काव्याचे भाग होते. शेवटचा एक सोडून बाकीचे पंच झाल्यावर साहेबांनी मशीनला लावून बघितले. प्रिंटरनं फरकांचे कागद ओकायला सुरुवात केली. फादर भिंग घेऊन उभ्या उभ्या वाचत होते. वाचता वाचता मटकन खुर्चीत बसले. मला वाटलं चक्कर आली.

"बाई," ते म्हणाले, "दुसऱ्या नकलेत निरोप नाहीत!"

त्यांनी साहेबांच्या केबिनमध्ये आम्हा दोघांना सांगितलं. काव्यात वेढा पडलेला एक किल्ला आहे. आत लढणाऱ्या भावाला बाहेरून बहीण दूताबरोबर निरोप पाठवते: आई थकली, तुझी वाट बघते, हट्ट सोड, घरी ये. दूत जातो आणि भावासमोर तोच निरोप शब्दन् शब्द म्हणून दाखवतो. असे निरोप काव्यात ठिकठिकाणी आहेत. मला त्यात नवल वाटलं नाही. आमच्या वस्तीत जयंतीला गाणी म्हणतात, त्यांतही ध्रुवपद फिरून फिरून येतंच.

"आजवर सगळे समजत होते की कवीनंच ते दोनदा म्हटलंय," फादर म्हणाले. "पण दुसरी नक्कल जास्त जुनी आहे, आणि तिच्यात निरोप एकेकदाच येतो. म्हणजे दुसऱ्यांदा येणाऱ्या ओळी मागाहून कुणीतरी घुसडल्या! एवढ्या वर्षांत हे कुणाला दिसलं नाही."

त्यांचा चेहरा असा उजळला होता की मला माझ्या मुलाच्या दहावीच्या निकालाची सकाळ आठवते. त्यांनी परदेशातल्या एका मोठ्या प्राध्यापकांना कळवलं. तिकडून कौतुकाचं उत्तर आलं. फादरांनी ठरवलं की आपल्या पुस्तकात या ओळी मुख्य मजकुरातून काढायच्या आणि पानाच्या तळाशी बारीक टाइपात टाकायच्या. पुढच्या गुरुवारी ते केक घेऊन आले. शेवटचा भाग झाला की सगळं बाड सोमवारी परदेशी छापखान्याला रवाना करणार होते. मुलींनी केक खाल्ला. मीही खाल्ला.

तोच गुरुवार. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. रत्ना शेवटचा भाग व्हेरिफाय करत होती आणि मी सहज तिच्या मागं उभी होते. तिची बोटं सपासप चालली होती. मध्येच थांबली. पास झालेल्या गठ्ठ्यातून तिनं मागचं एक कार्ड उपसलं, हातातल्या कार्डावर धरून उजेडाकडे बघितलं. भोकाला भोक बसलं. तिनं हातातलं कार्ड टोपलीत टाकलं. मग त्याच्या पुढचं. मग त्याच्याही पुढचं.

"अगं, काय टाकतेस?"

"डबल हायत, ताई," ती मान वर न करता म्हणाली. "लिवणाऱ्यानं दोनदा लिवलंय. बोटांना लगीच कळतं."

टोपलीवर हात ठेवून मी विचारलं, "याच्या आधीही अशी टाकलीस?"

"व्हय. निघतील तशी." मग तिनं माझं तोंड बघितलं आणि तिचा रंग उडाला. "टाकायची न्हवती का?"

काय सांगू तिला? टाकायचीच होती. तिच्या टेबलाचा कायदाच तो होता. फादरांच्या दोन नकलांमधला फरक ग्रीसमधला नव्हता हो, स्टोअरच्या टेबलात आणि पगाराच्या टेबलात होता! आणि त्या फरकावर एक भला माणूस आपलं नाव लिहून पुस्तक छापायला निघाला होता. मी टोपली उपडी केली. त्या दिवसाची कार्डं मिळाली. पण एवढ्यानं फादरांना पटणार कसं? शेवटच्या भागात असं झालं म्हणून आधीच्याही भागांत झालं, याला पुरावा काय? आधीची रद्दीबरोबर कधीच गेली होती.

"समदी न्हाई गेली," रत्ना रडत रडत म्हणाली. "काही मी घरी नेलीत. कंदिलाला."

फुकट गेलेली कार्डं मुली घरी न्यायच्या, त्यांचे दिवाळीला आकाशकंदील करायच्या. कंपनीचीही ना नसे. जेवणाच्या सुट्टीत मी रत्नाबरोबर पिंपळे गुरवला गेले. मामाच्या दारावर कंदील अजून लटकत होता, वर निळा कागद आणि खाली शेपट्या म्हणून आमची कार्डं. मी स्टुलावर चढून एक शेपटी फिरवून बघितली. कडेला बारीक छापलेलं तेच मांजर नाचलेलं ग्रीक. मामी म्हणाली, "चांगला दिसतुया की, कशापायी काढता?" अडीच हजार वर्षांपूर्वीच्या बहिणीचा निरोप खळ लावून तिच्या दारावर टांगलाय हे त्या माउलीला मी कसं समजावणार होते? आम्ही शेपट्या सोडवून घेतल्या.

"ताई, माझी नोकरी जाईल का?" परत येताना रत्नानं एवढंच विचारलं.

मी म्हटलं, नाही. पण माझी मलाच खात्री नव्हती. साहेबांना सांगितलं तर ते आधी तिला काढतील आणि मग फादरांचं काम बंद करतील, हे मला स्वच्छ दिसत होतं. नाही सांगितलं तर सोमवारी बाड जाणार. घरी मिस्टरांना विचारलं. ते म्हणाले, "साहेबांना कशाला? ज्याचं काम त्याला सांग." शुक्रवारी मी आजारपणाची रजा टाकली आणि पुण्याची बस धरली. दापोडीचा पूल येईपर्यंत मी मनात बोलायचं ते कितीदा तरी जुळवलं आणि मोडलं. पिशवीतली कार्डं आहेत ना, हे तर दर स्टॉपला चाचपून बघत होते.

फादरांच्या खोलीत टेबलावर बाड बांधून तयार होतं. दोरीसुद्धा आवळलेली. मी त्याच्या शेजारी कार्डं ठेवली.

"हे काय, बाई?"

"आकाशकंदिलाच्या शेपट्या आहेत, फादर."

ते हसले. मग भिंग धरून पहिल्या कार्डाची कड वाचू लागले. ओठ हलायला लागले. कार्ड संपलं तरी ओठ हलतच होते, पुढची ओळ त्यांना पाठ होती. मी सगळं सांगितलं. फिटरचा ओव्हरटाइम, दोन टेबलं, टोपली, सगळं. ते दुसऱ्या हातानं कार्डं उगाचच नीट करत राहिले.

"अजून कुणाला बोललात?" शेवटी ते म्हणाले.

"नाही."

"मग आता बोलू नका."

"पण फादर, सोमवारी..."

"सोमवारचं मी बघतो."

त्यांनी पाणीसुद्धा विचारलं नाही. मला आजवर कुणाचा एवढा धाक वाटला नव्हता, आणि राग तर मुळीच आला नाही. कुणी वीस वर्षं अंधारात चाचपडत एक वस्तू शोधून काढावी आणि दुसऱ्यानं येऊन म्हणावं, ती आमच्या घरची केराची टोपली आहे. मीही पाणी विचारलं नसतं.

पुढच्या गुरुवारी फादर आले नाहीत. त्याच्या पुढच्या गुरुवारीही नाही. सोमवारचं बघतो म्हणजे काय बघतो? बाड पाठवतो, की थांबवतो? मला रात्री अन्न गोड लागेना. साहेब विचारायचे, "काय हो, फादर कुठं गायब? झालं का त्यांचं?" मी म्हणायची, कळवलं नाही साहेब. रत्ना रोज सकाळी पंचरूममध्ये आल्या आल्या माझ्याकडे बघायची, मी मान हलवायची, आणि ती मशीनवर बसायची. तिच्या भाकरीचा तुकडा आता तिलाच संपत नव्हता. त्यात तिच्या कन्फर्मेशनचे कागद साहेबांच्या टेबलावर गेले. एकदा वाटलं, सरळ साहेबांकडे जावं आणि ओकून टाकावं. एकदा वाटलं, मरो ते ग्रीक, कोण वाचणार आहे? पण लगेच ती बहीण डोळ्यांपुढं यायची. तिनं सांगितलं ते सांगितलंच, पण दुसऱ्यांदा येणाऱ्या ओळी काढल्या तर पुस्तकात भावाला निरोप कुणी ऐकवलाच नाही असं होणार की! हे मी कुणाशी बोलावं? मला कोण विचारतंय?

मग एका गुरुवारी, मी आशा सोडल्यावर, दारात पांढरा झगा दिसला. फादरांना सर्दी झाली होती. ते माझ्या टेबलासमोर बसले आणि त्यांनी शबनममधून रत्नाची कार्डं काढून ठेवली.

"बाड अजून माझ्याकडेच आहे," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू, पोस्टात न्यायला निघालो होतो मी. तुमच्याशिवाय कुणाला कळणार होतं?"

"मग?"

"वाटेत चालताना मला काव्य म्हणायची सवय आहे. म्हणत गेलो. बहिणीचा निरोप आला, दूत निघाला, किल्ल्यात पोचला, आणि निरोप आपसूक दुसऱ्यांदा तोंडात आला. म्हटलं, छे, हा काढायचाय. थांबलो. तर पुढची ओळच आठवेना. पुन्हा मागून म्हणत आलो, पुन्हा तिथंच अडलो. भर रस्त्यात उभा होतो, बाई. त्या भावाला सांगणार कोण? दूत गप्प बसला तर सांगणार कोण?"

मी पदरानं डोळे पुसले. लाज वाटायचं कारण नव्हतं, खोलीत साहेब नव्हते.

"आणि ते परदेशातले प्राध्यापक?"

"त्यांना लिहिलं, माझी चूक झाली."

"आमची लिहायची, फादर!"

"तुमची कशी? मशीनला सगळं विचारलं मी. तुमच्या टेबलावरचा कायदा कोणता, हे एकदा तरी विचारलं का?"

साहेबांनाही त्यांनी एवढंच सांगितलं, की माझ्याकडून गडबड झाली, दुसरी नक्कल परत तपासून मशीनला लावायचीय. साहेब कुरकुरले, पण गुरूपुढं काय बोलणार? रत्नाचे कागद सही होऊन आले तेव्हा मी आधी जिन्यात जाऊन बसले, मग तिला सांगितलं.

पुढचे गुरुवार आम्ही पेन्सिलीचे कागद आणि कार्डांचे गठ्ठे मांडीला मांडी लावून ताडत बसलो. जिथं ओळ गळाली तिथं रत्नाच नवीन कार्ड पंच करायची आणि लता व्हेरिफाय करायची. मी दोघींच्या मागं उभी राहून टोपलीवर पाय ठेवायची. शेवटी पुन्हा मशीन चालवलं. पूर्वी फरकांचे कागद किती तरी वेळ येत राहिले होते. या वेळी प्रिंटर थोडं खडखडला आणि थांबला. निरोपांच्या जागी काही फरकच नव्हता. दोन्ही नकला तिथं एकच बोलत होत्या.

फादरांनी तो आखूड कागद भिंगाखाली धरला, उलटला, पुन्हा सुलटा केला.

"गेलं," ते म्हणाले.

वीस वर्षांत त्यांच्या नावावर लागलेला एकुलता एक शोध आम्ही त्यांच्या देखत पुसून टाकला होता. त्याचं मला आजही वाईट वाटतं. अचूक काम केल्याचं एवढं वाईट कधी वाटू नये माणसाला. ते जाताना मुलींना थँक्यू म्हणाले आणि बसपर्यंत सोडायला मी गेले तेव्हा हवापाण्याबद्दल बोलले.

पुस्तक छापून यायला पुढं काही वर्षं गेली. तोवर आमची कार्डंही गेली होती, टेपवाली नवीन मशीनं आली होती. रत्ना कायम होऊन, लग्न होऊन माणला परत गेली होती. एक दिवस फादरांचा कंपनीत फोन आला: पुस्तक आलंय, तुम्ही आणि रत्ना येऊन जाल का? आवाज मला बरा वाटला नाही. आम्ही गेलो.

ते खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. आम्ही आत आलो तरी त्यांनी मान फिरवली ती आवाजाच्या दिशेनं, आमच्याकडे नाही. तेव्हा कळलं. डोळे पूर्ण गेले होते. पुस्तक मांडीवर होतं.

"इथं बरेचजण वाचून दाखवतील," ते म्हणाले, "पण ज्याला ग्रीक येतं तो मनातलं वाचतो. मला कळत नाही, छापखान्यानं ओळी गाळलेली जुनी पानं लावली की दुरुस्त केलेली. बाडात काही जुनी पानं राहून गेलीत, हे कळवणारं टिपण मी फार उशिरा पाठवलं होतं. समोरासमोरच्या दोन पानांना कागद लावून घेतलेत. बहिणीचा निरोप एकीकडे, दूताचा दुसरीकडे. दुसरीकडे आहे ना, तेवढं बघा."

मी पुस्तक उघडलं आणि धसकले. आम्हाला इंग्रजी अक्षरांतलं ग्रीक ओळखीचं, इथं सगळी खरी ग्रीक वळणाची अक्षरं, मुंग्या चालल्यासारखी. एक ओळखू येईल तर शपथ. दुसऱ्या पानावर ओळी होत्या खऱ्या, पण त्या त्याच कशावरून? अर्ध्याच असल्या तर? एखादी गळली असली तर? आणि या माणसाला मी काय सांगू, बहुतेक आहे म्हणून?

रत्नानं पुस्तक माझ्या हातातून घेतलं. जमिनीवर मांडी घालून बसली. दोन्ही पानांवर एकेक तर्जनी ठेवली आणि सुरू झाली. अक्षर वाचायचं नाही, फक्त जुळवायचं. डावं बोट एक घर, उजवं बोट एक घर. वळण बघायचं, वरचं टिंब बघायचं, पुढं. मध्ये एकदा दोन्ही बोटं थांबली, मी पुढं वाकले, मग ती एक ओळ मागं गेली आणि पुन्हा चालू लागली. फादर मान कलती करून कानानं तिच्या बोटांची हालचाल शोधत होते. त्यांचे हात खुर्चीच्या हातांवर घट्ट होते.

रत्नाची बोटं दोन्ही पानांवर एकदमच शेवटच्या अक्षराला पोचली. तिनं ती तशीच दाबून धरली, उचलली नाहीत.

"समदं हाय, फादर," ती म्हणाली. "दोन्ही खेपंला समदं हाय."